रंग का बिघडतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या उद्योग-मेळाव्यात, उद्योग विभागातील एका भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त असावा, अशी आपली समजूत असते. माझा विषय तसा नाही. चिटणीसबाईंनी आग्रह केला तेव्हा मी त्यांना म्हटले, “अहो, मला भाषण कुठले येते? मला टी-शर्टावर चित्र छापता येते, तेवढेच.” त्या म्हणाल्या, “मग तेवढेच सांगा.” म्हणून आज उभी राहिले आहे. तेव्हा याला व्याख्यान समजू नका. शेजारीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ‘माझे अनारसे का हसले ते सांगते, म्हणजे तुझे हसायचे नाहीत’ असे म्हणते ना, तसे हे ऐका.

आपल्या उद्योग विभागात पापड, मसाले आणि शिवण ही कामे पूर्वीपासून चालत आली. टी-शर्ट छपाई त्यात अलीकडे आली. शाईच्या टाक्यांचा एक प्रिंटर, एक संगणक आणि १५ इंच लांब-रुंद तव्याचे एक हीट प्रेस, एवढाच आमचा संसार. काम दिसते सोपे. चित्र उलटे करून कागदावर छापायचे, कागद शर्टावर पालथा घालायचा, वरून तापलेला तवा दाबायचा आणि मिनिटभराने उचलायचा. चित्र कापडावर आलेले असते. पाहुणे आले की आपण हे दाखवतो आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. पण रंग बिघडू लागला की टाळ्या थांबतात आणि बोटे एकमेकींकडे वळतात. गेल्या वर्षी आपल्याकडे तसेच झाले. त्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या. एक कापडाची होती आणि एक माणसाची. दोन्ही आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम ही छपाई होते कशी, ते थोडक्यात सांगते. देवघरातल्या कापराच्या डबीचे झाकण सैल राहिले, तर काही दिवसांनी कापूर उडून जातो. तो ओघळत नाही, डबीत पाणी होत नाही. घनाची एकदम वाफ होते. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्या झिजतात, त्याही अशाच. शाळेच्या शास्त्राच्या पुस्तकात याला ‘संप्लवन’ म्हणतात. सब्लिमेशन म्हणजे तेच. आपल्या शाईतले रंग याच जातीचे आहेत. ते पाण्यात विरघळलेले नसतात, अगदी बारीक कणांच्या रूपाने पसरलेले असतात. कागदावर छापले की ते कागदाच्या लेपावर बसून राहतात. सुमारे २०० अंश सेल्सिअसची आच मिळाली की त्यांची वाफ होते. त्याच आचेने पॉलिएस्टरचा धागा आतून सैल होतो आणि ही वाफ त्यात शिरते. तवा उचलला, कापड निवले, की धागा पुन्हा आवळतो आणि रंग आत कोंडला जातो. म्हणूनच या छपाईवर हात फिरवला तर थर लागत नाही, आणि कितीही धुतले तरी भेगा पडत नाहीत.

या जातीचे रंग १९२० नंतरच्या दशकात ॲसिटेटच्या कृत्रिम रेशमासाठी निघाले, कारण सुताचे रंग त्यावर चढेनात. पॉलिएस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधून काढला. आणि कागदावरून वाफेच्या वाटेने कापडावर रंग नेण्याची युक्ती १९५७ साली फ्रान्समध्ये नोएल द प्लास यांना सापडली. आज आपण चार भिंतींच्या खोलीत जे करतो, त्यामागे एवढ्या माणसांची खटपट आहे.

या रीतीतून दोन गोष्टी ओघानेच निघतात, आणि त्या ठाऊक नसल्या तर पुढचे सारे चुकते. पहिली ही, की सुती धाग्यात या रंगाला घर नाही. तो ओटीवर बसल्यासारखा वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. दुसरी ही, की आपल्या शाईत पांढरा रंग नाही. चित्रातला पांढरा म्हणजे कापडाचा स्वतःचा पांढरा. पिवळ्या शर्टावर निळे छापले तर हिरवट दिसणार, आणि काळ्यावर काहीच दिसणार नाही. तेव्हा कापड पॉलिएस्टरचे हवे आणि पांढरे किंवा अगदी फिके हवे.

आता हकीकत सांगते. गेल्या वर्षी श्रावणात आपल्याला एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या १५० टी-शर्टांची मागणी आली. पांढऱ्या शर्टावर पाठीशी केशरी रंगाचे मोठे चित्र आणि खाली काळी अक्षरे. इतके मोठे काम आपल्याला प्रथमच मिळत होते. त्या पैशांतून दुसरे प्रेस घ्यावयाचे, असे आम्ही मनात ठरवूनही टाकले होते.

कापडाची खरेदी माझ्याकडे होती. ९० शर्ट नेहमीच्या ठिकाणाहून १४८ रुपयांना एक या भावाने आणले. उरलेले ६० दुसऱ्या एका व्यापाऱ्याकडे १३० रुपयांना मिळाले. हाताला मऊ, दिसायला पांढरेशुभ्र. शर्टामागे १८ रुपये, म्हणजे एकूण १,०८० रुपये वाचले. मी घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले. पावतीवर नुसते ‘होजियरी’ असे लिहिले होते. कापडात काय आहे, हे मी विचारले नाही.

पहिल्या दिवशी ५० शर्ट निघाले. रंग असा की बघत राहावे. मग चार दिवस आपल्या रत्नागिरीचा पाऊस कोसळला, वीज गेली आणि काम थांबले. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू केले, तेव्हा दोन्ही गठ्ठ्यांतले शर्ट एकाच टेबलावर एकत्र पडलेले होते. पहिल्याच शर्टावर केशरी रंग पिवळट आला. आम्हांला वाटले, दमट हवेने आच कमी पडते आहे. म्हणून तापमान २०० वरून २१५ अंशांवर नेले आणि ५० सेकंदांची ८० सेकंद केली. केशरी पिवळटच राहिला. उलट काळी अक्षरे तपकिरी दिसू लागली. त्यातही एक शर्ट ठळक निघे, तर दुसरा फिका. संध्याकाळपर्यंत ३० शर्ट झाले. त्यांतला एक नमुना म्हणून गणेशोत्सवाच्या मुलांना दिला. त्यांनी तो धुतला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. चित्र निम्मे उडालेले होते.

तुम्हीच विचार करा. यंत्र तेच, चित्र तेच, शाई तीच. मग एक शर्ट चांगला आणि एक वाईट का? आम्ही सर्वजणींनी एकच निष्कर्ष काढला, की दोष हाताचा आहे. प्रेसवर एक मुलगी काम करीत असे. वयाने लहान, बोलणे कमी, रोजावर येणारी. कोणी म्हणाले, तिचे लक्ष फोनकडे असते. कोणी म्हणाले, ती तवा लवकर उचलते. आणि मी, वयाने व मानाने मोठी, सगळ्यांच्या देखत तिला म्हणाले, “तुझे लक्ष नव्हते. हे नुकसान तुझ्यामुळे झाले.” ती एवढेच म्हणाली, “काकू, मी प्रत्येक शर्ट मोजून काढला आहे.” आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती येईल असे कोणाला वाटले नव्हते. ती आली, आणि बरोबर जुन्या कॅलेंडरची दोन पाने घेऊन आली. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिने ३० शर्टांची नोंद केलेली होती. शर्टाचा अनुक्रम, तापमान, सेकंद, आणि शेवटी ‘लाल’ किंवा ‘निळे’. मी विचारले, हे लाल-निळे काय? ती म्हणाली, “गळ्यातली लेबले, काकू. काही शर्टांना लाल आहेत, काहींना निळी.” आम्ही शर्ट समोर मांडले आणि ती यादी वाचीत गेलो. निळ्या लेबलाचे १८ शर्ट सगळे फिके होते, मग ते ५० सेकंदांचे असोत की ८० सेकंदांचे. लाल लेबलाच्या १२ शर्टांत एकही फिका नव्हता. ते पिवळट होते आणि तपकिरी होते, पण फिके नव्हते. निळे लेबल म्हणजे मी आणलेला स्वस्त गठ्ठा.

भगिनींनो, तिने डोक्यात राख घालून घेतली असती आणि ती पाने चुलीत घातली असती, तर आजतागायत आम्हांला कारण कळले नसते.

मग आम्ही शांतपणे बसून एकेक दोष वेगळा काढला. एकाच वेळी तीन दोष एकमेकांत मिसळले होते, म्हणून काही उमगत नव्हते. ते तिन्ही सांगते, कारण बहुतेक वेळा रंगाची तक्रार या तिहींपैकीच असते.

पहिला दोष कापडाचा. त्याची परीक्षा आपल्या घरातच करता येते. शर्टाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढावे, चिमट्यात धरावे आणि पदर आवरून निरांजनाच्या ज्योतीवर न्यावे. सूत कागदासारखे जळते, तसाच वास येतो आणि बोटाने चुरगळली तर भुरभुरीत राख होते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडते, वितळते आणि निवल्यावर त्याचा टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही दिसते, थोडी राख आणि थोडा टणकपणा. माझ्या शर्टांनी दोन्ही दाखवले. अशा कापडातला पॉलिएस्टरचा धागा तेवढा रंग धरतो, सुताचा धरीत नाही. प्रेसवरून उतरताना तो बरा दिसतो आणि धुतल्यावर कोरडा पडतो. काही लोकांना असा विटका रंग मुद्दाम आवडतो. त्यांना तसे सांगून द्यावा. न सांगता देऊ नये. मऊपणावर मात्र जाऊ नका. सुतासारखे लागणारे पूर्ण पॉलिएस्टरही बाजारात मिळते आणि मिश्रही मिळते. हात फसतो, ज्योत फसवीत नाही. आता मी नव्या गठ्ठ्यातला एक शर्ट आधी छापते, धुते, वाळवते आणि मगच पुढचे पैसे देते.

दुसरा दोष प्रिंटरचा. आपल्या प्रिंटरमध्ये चार टाक्या आहेत. सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे आपल्या राणी रंगाच्या जवळचा, पिवळा आणि काळा. बाकी सारे रंग यांच्या मिश्रणाने होतात. केशरी म्हणजे पुष्कळसा पिवळा आणि त्यात मॅजेंटा. चार दिवस प्रिंटर बंद राहिला, तेव्हा मॅजेंटाच्या नॉझलमध्ये शाई सुकली. मॅजेंटा येईना, म्हणून केशरीतला पिवळा तेवढा उरला. त्यावर आच वाढवून काय होणार? आमटीत गूळ घालायचा राहिला तर ती अधिक उकळून गोड होत नाही.

कोणता रंग अडला हे ओळखण्याची रीत पाठ करून ठेवा. तांबडे पिवळे दिसले आणि जांभळे निळे दिसले, तर मॅजेंटा अडला. हिरवे निळसर दिसले आणि तांबडे राणी दिसले, तर पिवळा अडला. हिरवे पिवळे दिसले आणि जांभळे राणी दिसले, तर सायन अडला. पण रोज सकाळी नॉझल तपासण्याचे पान छापले, तर एवढे कोडे सोडवावेच लागत नाही. त्या पानावरची रेघ तुटलेली दिसली की काम सुरू करू नये. सफाईचा हुकूम दोन वेळा द्यावा, फार तर तीन वेळा. मग काही तास प्रिंटरला स्वस्थ राहू द्यावे. पुनःपुन्हा सफाई केली तर शाईच वाया जाते. आणि काम नसले तरी दर दोन दिवसांनी चारही रंगांचे एक लहानसे चित्र छापावे. शाईतले कण तळाशी बसतात, म्हणून टाकीत भरण्याआधी बाटली हलक्या हाताने खालीवर करावी आणि तिच्यावरची मुदत वाचावी.

येथे एक फसगत होते, ती ध्यानात ठेवा. छापलेला कागद नेहमीच मळकट दिसतो. खरा रंग आच लागल्यावर खुलतो. म्हणून कागद पाहून आम्हांला शंका आली नाही. कागदाचा फिकेपणा हा दोष नव्हे. पण कागदावर एखाद्या रंगाचा मागमूसही नसणे, किंवा आडव्या रेघा दिसणे, हा दोष आहे.

तिसरा दोष आचेचा, आणि तो आम्ही स्वतः ओढवून घेतला. काळी शाई पुष्कळदा एकाहून अधिक रंगांचे मिश्रण असते. आच किंवा वेळ फार झाली की त्या मिश्रणाचा तोल जातो आणि काळा तपकिरी दिसू लागतो. पांढऱ्या कापडावर पिवळट झाक येते ती वेगळीच. उलट आच किंवा वेळ कमी पडली, तर चित्र पुसट येते आणि कागदावर पुष्कळ रंग शिल्लक राहतो. म्हणून काम झाल्यावर कागद टाकून देण्याआधी उलटून पाहा. आपल्या शर्टांना २०० अंश आणि ५० सेकंद मानवतात. तुमच्या कापडाला आणि कागदाला थोडे वेगळे लागेल. ते चिंधीवर ठरवा, मालावर नको.

तव्याची परीक्षाही करावी. आकडा २०० दाखवतो, म्हणजे तवा सगळीकडे २०० असतोच असे नाही. तव्याएवढ्या भागावर एकसारखा करडा रंग छापून एका पॉलिएस्टरच्या तुकड्यावर दाबा. जिथे करडा फिका येईल, तिथे तवा थंड आहे किंवा दाब कमी आहे. आमच्या तव्याचा डावा कोपरा थंड निघाला. आता आम्ही चित्र मध्यावर ठेवतो. संध्याकाळी विजेचा दाब उतरला की तवा पुन्हा तापायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक शर्टाआधी आकडा परत २०० वर आलेला पाहिल्यावाचून तवा दाबायचा नाही.

आपल्या कोकणात चौथा शत्रूही आहे, तो म्हणजे ओल. पावसाळ्यात कागदही ओल धरतो आणि कापडही. दाबल्यावर त्या ओलीची वाफ होते, ती रंगाच्या मधे येते आणि चित्रावर ढगांसारखे डाग पडतात. यावर उपाय स्वस्त आहे. शर्ट आधी रिकामाच पाच ते दहा सेकंद दाबून घ्यावा, म्हणजे ओलही जाते आणि सुरकुतीही जाते. कागदाचे पुडके पापडाच्या डब्यासारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि लागेल तेवढेच बाहेर काढावे. पापडाला जे कळते, ते कागदालाही लागू आहे.

किरकोळ दोष भराभर सांगते. चित्राला सावलीसारखे दुसरे चित्र दिसले, तर तवा उचलताना कागद हलला. कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवावा. पांढऱ्यावर निळे बारीक ठिपके दिसले, तर ती धुळीची किंवा लोकरीच्या तंतूची कुसळे. दाबण्याआधी चिकट रोलर फिरवावा. कागदाच्या कडेची चौकट उमटली, तर दाब फार झाला. दाब कमी करावा आणि कागदाची कड कात्रीने सरळ न कापता हाताने फाडावी. कालच्या शर्टाचे चित्र आजच्या शर्टावर पुसट आले, तर वरचा संरक्षणाचा कागद बदलला नव्हता. तो दर वेळी कोरा घ्यावा. सगळे चित्रच फिके आणि फुटलेले आले, तर कागदाच्या उलट बाजूस छापले. लेपाची बाजू जास्त पांढरी असते. आणि गरम शर्ट एकावर एक रचू नयेत. निवू द्यावेत, नाही तर एकाचा रंग दुसऱ्याला लागतो.

आता गिऱ्हाइकाच्या तक्रारीविषयी. तो फोनवर चित्र पाठवतो आणि म्हणतो, “अगदी असाच रंग हवा.” फोनचा रंग प्रकाशाचा असतो, आपला रंग कापडातला असतो. झगमगता हिरवा किंवा निळा जसाच्या तसा कापडावर यायचा नाही, हे आधीच सांगावे. शाई विकणारे त्या शाईसाठी आणि कागदासाठी रंगाची एक प्रोफाइल देतात. ती संगणकात भरून घ्यावी. मात्र ती भरल्यावर प्रिंटरची स्वतःची रंग-दुरुस्ती बंद करावी. दोन्ही चालू ठेवल्या तर एकाच भाजीत दोघींनी मीठ घातल्यासारखे होते. याहून खात्रीचा उपाय आम्ही केला आहे. शंभर रंगांचे लहान चौकोन, प्रत्येकाखाली क्रमांक, असा तक्ता आम्ही शर्टाच्याच कापडावर छापून भिंतीला लावला आहे. गिऱ्हाइकाने फोन खिशात ठेवावा आणि तक्त्यावर बोट ठेवावे. क्रमांक पावतीवर लिहिला की वाद उरत नाही. पावतीवर आणखी एक ओळ लिहितो: इस्त्री कोमट, उलट बाजूने करावी आणि फार वेळ कडक उन्हात वाळत ठेवू नये. ज्या आचेने रंग आत गेला, ती पुन्हा मिळाली तर तो हलतो. आणि ऊन तर सर्वच रंगांचे वैरी.

आमच्या त्या कामाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. ३० शर्ट वाया गेले. त्यांच्या कापडाचीच किंमत ४,११६ रुपये झाली. १,०८० रुपये वाचवण्यासाठी मी हे केले होते. छापायचे राहिलेले ४२ स्वस्त शर्ट व्यापाऱ्याने बदलून दिले, ही त्याची भलमनसाई. कारण मी विचारले नव्हते आणि त्याने खोटे सांगितले नव्हते. आणखी ३० नवे घेतले. गणेशोत्सवाच्या मुलांना आम्ही बोलावून खरे काय ते सांगितले. त्यांना म्हटले, उशीर झाला तर पैसे देऊ नका. हरतालिकेच्या आदल्या रात्री शेवटचा शर्ट निघाला. विसर्जनाला धो-धो पाऊस होता. मिरवणूक आपल्या दारावरून गेली, तेव्हा मी पायरीवर उभी राहून बाप्पाकडे कमी आणि मुलांच्या पाठींकडे जास्त पाहत होते. केशरी केशरीच होता. दुसरे प्रेस मात्र त्या वर्षी आले नाही.

आणि ती मुलगी. ज्या दिवशी यादी वाचली, त्याच दिवशी तिला एकटीला बाजूला घेऊन ‘चुकले’ म्हणणे मला सोपे होते. पण बोलले होते सगळ्यांच्या देखत. म्हणून संध्याकाळी सर्वजणी जमल्यावर मी उभी राहिले आणि म्हणाले, “कापड मी आणले, चौकशी मी केली नाही आणि दोष हिला दिला. चूक माझी आहे.” खरे सांगते, आज तुमच्यासमोर बोलताना भीती वाटते आहे, त्याहून त्या दिवशी जास्त वाटली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, एवढेच. त्या कॅलेंडरच्या पानांची आता मोठी वही झाली आहे आणि ती तिच्याच ताब्यात आहे. तिच्यात प्रत्येक कामाची तारीख, कोणत्या गठ्ठ्याचे कापड, कोणता कागद, तापमान, सेकंद, हवा कोरडी की दमट, आणि शेवटी रंग कसा आला, हे लिहिलेले असते. रंग बिघडला की आम्ही वही उघडतो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तीही लिहितो, आणि मग दुसरीला हात लावतो. आच, वेळ आणि दाब एकदम बदलले, तर कशाने सुधारले आणि कशाने बिघडले, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

भगिनींनो, आपल्या मंडळात छपाई न करणाऱ्याच जास्त आहेत. पण मसाला करपला, शिवण उसवली किंवा हिशेब जुळला नाही, असे प्रत्येकीच्या कामात होते. आणि तेव्हा जी सर्वांत लहान, सर्वांत गप्प, तिच्याकडे सर्वांची नजर जाते. त्या वेळी माझी ही हकीकत आठवा. आधी वहीला विचारा. मग मालाला विचारा, मग यंत्राला विचारा. माणसाला विचारायची वेळ आलीच, तर त्याला आधी बोलू द्या.

नवे काम शिकायची इच्छा असणाऱ्या भगिनींनी उद्योग विभागात अवश्य यावे. रंगांचा तक्ता भिंतीवर आहे आणि वही टेबलावर आहे. ती कोणीही वाचावी. आमच्या फसलेल्या ३० शर्टांची दोन पाने तिच्या सुरुवातीलाच डकवून ठेवली आहेत.